कालुंडबोर्गचा ताळेबंद

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या पश्चिमेस सुमारे 100 किलोमीटरांवर, समुद्राच्या एका खाडीच्या काठी, कालुंडबोर्ग नावाचे सोळा-सतरा हजार वस्तीचे गाव आहे. आणि उद्योगधंद्यांनी निसर्गाकडून काय शिकावे, हा प्रश्न गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जेथे जेथे निघाला, तेथे तेथे या गावाचा दाखला बहुधा दिला गेलेला आहे. तेथील विद्युत्केंद्र, तेलशुद्धीकरणाचा कारखाना, जिप्समच्या भिंतफळ्या करणारा कारखाना आणि इन्सुलिन बनविणारी औषधकंपनी हे शेजारी परस्परांचा टाकाऊ माल विकत वा फुकट घेतात, त्यामुळे एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे अन्न ठरते. अरण्यात गळलेले पान वाळवीच्या आणि बुरशीच्या मुखी पडून मातीच्या रूपाने पुन्हा वृक्षाच्या मुळाशी येते, तसाच हा प्रकार, असे वर्णन करण्याचा प्रघात आहे. वर्णन मनोहर खरे. पण ते ऐकून तृप्त झालेला श्रोता पुढचा जमाखर्च विचारीत नाही, ही त्यातली अडचण.

तो विचारला असता प्रथम ध्यानात येते ते हे की, ही व्यवस्था कोणी आधी योजून उभारलेली नाही. 1961 साली तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याला भूगर्भातील पाणी पुरणार नाही असे दिसल्यावरून तिस्सो सरोवराचे पाणी नळाने आणण्याचे ठरले. काम नगरपालिकेने पत्करले, पैसा कारखान्याने पुरविला. 1972 मध्ये जिप्समचा कारखानदार तेथे आला, तो शुद्धीकरण कारखान्यात नुसता जाळून टाकला जाणारा वायू इंधन म्हणून मिळतो एवढ्याच कारणाने. 1976 पासून औषधकंपनीचा गाळ आसपासच्या शेतांत खत म्हणून पडू लागला. कोळशाच्या विद्युत्केंद्रात इंधनातील निम्म्याहून अधिक उष्णता विजेत रूपांतरित न होता वाया जाते. कालुंडबोर्गच्या आस्नेस येथील केंद्राने 1981 पासून त्या उष्णतेचा काही भाग गावातील घरांना विकावयास आरंभ केला, तेव्हा सुमारे साडेतीन हजार घरांतील तेलाच्या शेगड्या बंद झाल्या. पुढच्याच वर्षी वाफेचे नळ शेजारच्या कारखान्यांकडे गेले, आणि 1993 मध्ये, धुरातील गंधक चुन्याने धरून ठेवताना जे जिप्सम तयार होते, ते भिंतफळ्यांच्या कारखान्याला मिळू लागले. दर वेळी पक्ष दोन, करार एक, आणि उभयतांच्या वहीत शिल्लक जमेची. ‘सहजीवन’ हे भारदस्त नाव या साऱ्याला मिळाले ते 1989 च्या सुमारास, म्हणजे पहिला नळ पडल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेतील रॉबर्ट फ्रॉश आणि निकोलस गॅलोपुलस यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात उद्योगांच्या परिसंस्थेची कल्पना मांडली, आणि विद्वानांना कालुंडबोर्गच्या रूपाने तिचे आयते उदाहरण सापडले.

अरण्यही कोणी योजून लावलेले नसते, तेव्हा येथवर दृष्टान्त जुळतो. पण असे जुळून येण्यास दोन गोष्टी लागतात. वाफ दूरवर नेता येत नाही, म्हणून शेजार लागतो. आणि शेजाऱ्याच्या यंत्रातून उद्या काय निघणार याची खात्री असावी लागते, म्हणून व्यवस्थापकांची परस्परांशी ओळख लागते. नकाशावर चौकोन आखून त्यात कारखाने बसविणाऱ्या आमच्या औद्योगिक वसाहतींच्या दफ्तरांत या दुसऱ्या गोष्टीसाठी रकाना नाही.

परंतु निसर्गात काहीच वाया जात नाही, हे जे सूत्र या निमित्ताने वारंवार सांगण्यात येते, ते मला मान्य नाही. कोळसा म्हणजे तरी काय? सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडले गेलेले, कुजावयाचे राहून गेलेले वनस्पतींचे अवशेष. निसर्गाने न मिटविलेले एक खाते. आस्नेसचे केंद्र तेच खाते जाळीत होते, आणि भिंतफळ्यांचे जिप्सम हे त्या जळण्याचेच अपत्य होते. टाकाऊ मालाला गिऱ्हाईक मिळाले की टाकाऊ माल निर्माण करण्याची लाज कमी होते, हा या व्यवस्थेतला सूक्ष्म दोष आहे. सुदैवाने डेन लोक तेथे अडून बसले नाहीत. 2020 च्या सुमारास आस्नेसला लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा संच आला. कोळसा गेला की राखेचा आणि जिप्समचा जुना पुरवठाही जातो, हे ठाऊक असून ती वाट धरली गेली. वृक्ष उन्मळून पडला तरी वन राहते, कारण एकाच कामाला तेथे अनेक जीव असतात. निसर्गाकडून उसना घ्यावयाचा गुण असेल तर तो हा.

महाराष्ट्रात हे सर्व परके वाटण्याचे कारण नाही. गुऱ्हाळात उसाची चिपाडे वाळवून चुलवाणात घालण्याची रीत जुनी आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केल्यापासून पुढे साखरधंद्याने तीच रीत विस्तारली. उसाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के भरणारे बगॅस बॉयलरमध्ये जळते आणि उरलेली वीज ग्रिडला जाते. मळीपासून इथेनॉल होते. ज्या सांडपाण्याने एके काळी ओढे-नाले काळे केले, त्या आसवनीच्या सांडपाण्यापासून आता वायू काढतात आणि ते प्रेसमडमध्ये मुरवून खतही करतात. कालुंडबोर्गला जे चार मालकांत घडते, ते येथे एका कुंपणात घडते, आणि याचे श्रेय आमच्या कारखानदारीला निःसंकोचपणे दिले पाहिजे.

मात्र वर्तुळ पुरे होते ते कुंपणाच्या आत. राज्यातील लागवडीच्या क्षेत्रापैकी जेमतेम काही टक्के जमिनीवर उभे असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा घेते, आणि मराठवाड्यासारख्या अवर्षणग्रस्त मुलखातही ते घेते. त्या पाण्याची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही. अरण्याचे अनुकरण करावयाचे तर अरण्य पडलेल्या पावसातच आपला संसार भागविते, हेही अनुकरणात आले पाहिजे. म्हणून सभासद शेतकऱ्यांना एवढीच विनंती की, कारखान्याचा अहवाल वार्षिक सभेपुढे येईल तेव्हा दर टन उसामागे धरणातून आणि विहिरींतून किती पाणी उपसले गेले हा आकडा त्यांनी मागावा, आणि तो मिळेपर्यंत ‘शून्य कचरा’ या दाव्याला मंजुरी देऊ नये.