तिसरीतली तपासणी, दहावीतली धावपळ

‘सात, दोन, नऊ. आता हेच उलटं सांग बरं.’ सुलट आकडे घडाघडा म्हणणारं चुणचुणीत मूल इथे अडखळतं. ऐकलेलं धरून ठेवणं वेगळं आणि धरून ठेवलेलं मनातल्या मनात फिरवणं वेगळं. बेरजेतला हातचा सांभाळताना हीच दुसरी ताकद लागते.

मग लाल-पांढरे ठोकळे नमुन्याबरहुकूम जुळवायचे, घड्याळ लावून खुणा उतरवायच्या, शेवटी वाचन, लेखन, गणित. याला न्यूरोसायकॉलॉजिकल मूल्यमापन असं भारदस्त नाव आहे. पण त्यात ना सुई, ना मेंदूचा फोटो. डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्यायचे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलता, तर एका चाचणीत सापडतच नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत आणि ती घरी, शाळेत अशी किमान दोन ठिकाणी आढळायला हवीत. म्हणून आईवडिलांइतकीच बाईंचीही साक्ष काढावी लागते.

मराठी मुलांची बुद्धी मोजण्याचा खटाटोप जुना आहे. बिने यांची चाचणी पॅरिसमध्ये 1905 साली आली. तिच्या अमेरिकी आवृत्तीवरून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या मुलांसाठी मराठी-कानडी रूप घडवलं. बिने-कामत चाचणी ती हीच. पुढे नागपूरच्या डॉ. मालिन यांनी वेक्स्लरच्या चाचणीचं भारतीय रूप 1969 मध्ये केलं. पण बुद्ध्यांक उत्तम आणि वाचन रखडलेलं, अशा मुलाचं काय? त्याचं कोडं बुद्ध्यांकाने सुटत नाही.

हे कोडं म्हणजे डिस्लेक्सिया. इंग्रजीत तो स्पेलिंगमध्येच उघडा पडतो. मराठीत बहुतांशी लिहिलं तसं वाचायचं, त्यामुळे मूल चुकत कमी असलं तरी रेंगाळतं. ‘हळू वाचतो, एवढंच’ म्हणून घरचे निर्धास्त राहतात. ठेच लागते ती जोडाक्षरांपाशी, रफारापाशी, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांपाशी. इंग्रजी चाचणीला हे कसं दिसणार? हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी ‘डाली’ हा चाचणीसंच आणला तो 2015 मध्ये. बिनेनंतर तब्बल एकशे दहा वर्षांनी!

सवलतींत मात्र महाराष्ट्राने आघाडी घेतली. 1996 पासून इथे बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू लागल्या. मुंबईत शीव रुग्णालयाच्या एलडी (अध्ययन अक्षमता) क्लिनिकसारखी सरकारमान्य केंद्रं प्रमाणपत्रं देऊ लागली. केंद्राच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला जागा दिली. एडीएचडीला त्या यादीत स्वतंत्र स्थान नाही, त्यामुळे नुसतं लक्ष न लागणाऱ्या मुलाचे पालक दारोदार फिरतात.

सवलत हवीच, ती मेहेरबानी नव्हे. खटकतं ते असं, की ‘एलडीचं सर्टिफिकेट’ एवढीच मूल्यमापनाची ओळख उरली आणि त्याची आठवण दहावीचा फॉर्म भरताना होते. 2018 च्या केंद्रीय सूचनांनी प्रमाणपत्रासाठी आठव्या वर्षापासूनची मुलं पात्र धरली, म्हणजे साधारण तिसरीतली. त्या वयात अक्षर-ध्वनीची जोड पुन्हा पक्की करून घेता येते. पंधराव्या वर्षी हाती पडतो तो जादा वेळ.

पालकांनो, अहवाल हातात आला की बुद्ध्यांकाचा आकडा शोधत बसू नका. शिफारशींचं पान उघडा, त्याची झेरॉक्स वर्गशिक्षिकेला द्या आणि पुढच्या सोमवारपासून वर्गात नेमकं काय बदलणार, ते विचारा.