न पटणाऱ्या राजवटीत वयात येताना



मी कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. रात्रशाळेत दहावीपर्यंत पोचलो आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा शास्त्रीय विवेचनाची अपेक्षा आपण माझ्याकडून करू नये. मला विचारला गेलेला एक प्रश्न आपल्यापुढे मांडावा आणि त्याचे मला सापडले तेवढे उत्तर सांगावे, एवढाच माझा बेत आहे.

गेल्या वर्षी एका कारखान्याच्या दारावर आमची सभा झाली. सभा आटोपल्यावर विशीतला एक कंत्राटी कामगार मागे रेंगाळला आणि म्हणाला, "काका, हे सरकार मला पटत नाही. मी ते निवडलेलेही नाही. मग त्याचे कायदे मी कशाला वाचत बसू?" त्याच्या बोलण्यात राग होता, टवाळी नव्हती. सरकार कोणत्या पक्षाचे, हा भाग येथे गौण आहे. प्रत्येक राजवटीत कोणा ना कोणा तरुणाला हा प्रश्न पडतोच. मात्र त्याचे उत्तर द्यायला मला पन्नास वर्षे मागे जावे लागले.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली आणि २१ मार्च १९७७ रोजी ती उठली. प्रौढ माणसाच्या आयुष्यात एकवीस महिने म्हणजे काही फार मोठा काळ नव्हे. पण ज्याचे वय त्या वेळी अठरा-एकोणीस होते, त्याची मते नेमकी याच महिन्यांत घडायची होती. त्या तरुणाची स्थिती काय होती, ते नीट पाहू.

त्या काळी मताधिकाराचे वय २१ होते. १९७५ साली जो १८ वर्षांचा होता, त्याला १९७७ च्या निवडणुकीतही मत नव्हते. जो २१ पुरा झालेला होता, त्याचे पहिले मत १९७६ च्या लोकसभा निवडणुकीत पडायचे. पण लोकसभेची मुदत १९७६ मध्ये एकदा नव्हे, दोनदा वाढवण्यात आली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते, सभांना बंदी होती आणि 'मिसा' कायद्याखाली कारण न सांगता माणूस आत टाकता येत होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने निर्णय दिला की, अशा स्थानबद्धतेविरुद्ध या काळात न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे राहिले. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो निर्णय चुकीचा ठरवला. म्हणजे एकट्याचे म्हणणे मान्य व्हायला एकेचाळीस वर्षे लागली.

कामगाराच्या घरात आणीबाणी आली ती बोनसच्या रूपाने. १९६५ च्या कायद्यात किमान बोनस ४ टक्के होता. १९७२ मध्ये तो ८.३३ टक्के झाला. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि किमान बोनस पुन्हा ४ टक्क्यांवर आला, तोही वाटण्याजोगी शिल्लक असेल तरच. दिवाळीच्या तोंडावर निम्म्याहून अधिक रक्कम गेली आणि त्याविरुद्ध मोर्चा काढण्याची सोय उरली नव्हती.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. माझा जन्म १९७० चा. त्यामुळे मला आठवते ते थोडेच. चाळीत आणीबाणीचे कौतुक करणारेही होते, हे सांगितले पाहिजे. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीतला साहेब जागेवर सापडतो, असे ते म्हणत आणि त्यात सारेच खोटे नव्हते. वडील त्यावर काही बोलत नसत. भिंतींना कान असतात, एवढेच आई म्हणे. १९७७ च्या मार्चमध्ये एके सकाळी वडिलांनी अंघोळ केली, पेटीतला धुतलेला सदरा काढला आणि माझा हात धरून म्युनिसिपालिटीच्या शाळेत नेले. शाळेला तर सुट्टी, मग इथे कशाला, असे मी विचारले. ते म्हणाले, "आज माझी परीक्षा आहे." त्या निवडणुकीत, आणीबाणीत तुरुंग पाहिलेल्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. नव्या सरकारने त्याच वर्षी ८.३३ टक्के बोनस परत आणला.

येथवरची गोष्ट सरळ आहे. परंतु तिला दुसरी बाजू आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. १९७६ साली, त्याच आणीबाणीत, औद्योगिक विवाद कायद्यात 'पाच-ब' हे प्रकरण घातले गेले. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात करायची असेल किंवा कारखाना बंद करायचा असेल, तर सरकारची आगाऊ परवानगी घेतली पाहिजे, असे ते सांगत होते. वेठबिगार मुक्तीचा कायदा आणि स्त्री-पुरुषांना समान वेतनाचा कायदा, हे दोन्ही त्याच वर्षीचे. ज्या हाताने बोनस काढून घेतला, त्याच हाताने हे दिले. म्हणून आणीबाणी क्षम्य ठरत नाही. माणसाला कारण न सांगता कोंडण्याची भरपाई कोणत्याही कायद्याने होत नाही. पण राजवट न पटणे ही एक गोष्ट आणि तिने केलेले सारेच टाकून देणे ही दुसरी. हा फरक करता येणे, हा वयात येण्याचाच एक भाग आहे.

तो फरक मला करता आला नाही, याची कबुली येथे देतो. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडिलांचे साचे कायमचे सुटले. सगळी सरकारे सारखीच, असे माझे मत झाले. २८ मार्च १९८९ पासून एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय १८ झाले आणि त्या नोव्हेंबरात एकोणिसाव्या वर्षी मला मत मिळाले. आधीच्या पिढीला जे मिळाले नव्हते ते माझ्या हाती आले, आणि मी मतदानाला गेलो नाही. संध्याकाळी वडिलांनी माझ्या कोऱ्या बोटाकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "रागावलास, हे त्यांना कळणार कसे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते पुढे कामातून सापडले. पाच-ब मधला तीनशेचा आकडा १९८२ च्या दुरुस्तीने शंभरावर आणला होता. ती दुरुस्ती १९८४ पासून अमलात आली. मी युनियनच्या कामात नवा असताना, एकशे चाळीस कामगारांच्या एका कारखान्याने एका सकाळी दाराला कुलूप आणि कुलपावर नोटीस लावली. आमच्या कचेरीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याने कपाटातून कायदा काढला. तो आणीबाणीत वर्षभर तुरुंगात होता. त्याने मला कलम वाचून दाखवले : बंद करण्यापूर्वी नव्वद दिवस अर्ज केला पाहिजे, त्यात कारणे दिली पाहिजेत, कामगारांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, परवानगीवाचून केलेली बंदी बेकायदा, आणि त्या काळाचा पगार कामगारांना देणे लागते. मी विचारले, "ज्यांनी तुम्हाला कोंडले, त्यांचाच हा कायदा ना?" तो म्हणाला, "कोंडले त्यांनी. कायदा आपला." वर्षभर खेटे घातल्यावर थकलेला पगार मिळाला. कारखाना मात्र वाचला नाही, हेही सांगतो.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. सरकार येते आणि जाते. पण त्याने केलेला कायदा त्याच्यामागे राहतो आणि आपल्या पगारावर, रजेवर, नोकरीवर चालत राहतो. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पाच-ब मधला शंभराचा आकडा पुन्हा तीनशेवर नेला. हा बदल मला पटत नाही. पण तो मला न पटल्याने शंभर ते तीनशेच्या मधल्या कारखान्यातील कामगाराला काही मिळणार नाही. त्यासाठी आकडा काय होता, काय झाला आणि का, हे त्याला माहीत हवे. मग सभासदाची पावती हवी, लेखी मागणी हवी, आणि वेळ आली की मत हवे. मनातला राग दिसत नाही. कागदावरचा आणि माणसांच्या रांगेतला दिसतो.

त्या मुलाला मी हे सारे ऐकवले नाही. तो पाळी संपवून दमलेला होता. मतदारयादीत नाव आहे का, एवढे विचारले. नव्हते. पूर्वी १ जानेवारीला अठरा पुरे झालेल्यांचेच नाव लागे; २०२२ पासून वर्षातून चार तारखा धरतात, ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. पुढच्या सभेला मी त्याच्यासाठी सहा नंबरचा अर्ज आणि कामगार कायद्याची एक पुस्तिका नेली. अर्ज त्याने तिथेच, सायकलच्या सीटवर ठेवून भरला. पुस्तिका घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "वाचतो, काका. पण पटेलच असे नाही."

मी म्हटले, न पटलेले खूण करून आण. आपण त्यावरच बोलू.