एकशेसाठ अक्षरांचा पाठ

अमेरिकेत मूल साधारणतः पाचव्या वर्षी शाळेत दाखल होते. या पहिल्या वर्गाला तेथे ‘किंडरगार्टन’ म्हणतात. वर्ग एकच, शिक्षिका एकच. परंतु आलेल्या मुलांत अंतर मोठे असते. एखाद्याला आपले नाव लिहिता येते, पुस्तक कोणत्या बाजूने उघडावयाचे हे ठाऊक असते. दुसऱ्याच्या हाती तोवर पुस्तक आलेलेच नसते. हे अंतर शाळेने निर्माण केलेले नसते. ते घरातून आलेले असते, आणि पुढे ते भरून काढणे कठीण जाते.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. घरोघरी प्रशिक्षित कार्यकर्त्या पाठविणे, मातापित्यांसाठी वर्ग चालविणे, हे प्रयोग पूर्वीपासून होत आले आहेत. त्यांतील काही गुणकारीही ठरले. तथापि त्यांना पैसा फार लागतो, आणि पालकांचा वेळही लागतो. दिवसभर काम करून रात्री थकून येणाऱ्या आईला संध्याकाळच्या वर्गास या म्हणणे सोपे. तिने येणे सोपे नव्हे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापिका सुझॅना लोब आणि त्या वेळी तेथे संशोधन करणारे विद्यार्थी बेंजामिन यॉर्क यांनी या अडचणीचा वेगळ्या बाजूने विचार केला. मुलाला वाचून दाखवावे हे बहुतेक आईबापांना ठाऊक असते आणि तशी त्यांची इच्छाही असते. मग घडत का नाही? एक तर ‘मुलाला वाचनासाठी तयार करा’ हा उपदेश फार मोठा आहे. आज रात्री नेमके काय करावे हे त्यातून कळत नाही. दुसरे असे की, श्रम आज करावयाचे आणि फळ काही वर्षांनी दिसावयाचे, अशी ही गोष्ट आहे. अशी कामे उद्यावर पडतात. आपणा सर्वांचीच पडतात. तेव्हा मोठे काम लहान लहान तुकड्यांत तोडावे आणि प्रत्येक तुकडा योग्य वेळी आईबापांच्या हाती द्यावा, ही त्यांची कल्पना. त्यासाठी त्यांनी साधन निवडले ते मोबाइलवरील लघुसंदेशाचे, म्हणजे ज्याला आपण ‘एसेमेस’ म्हणतो त्याचे. योजनेचे नाव ‘रेडी फॉर के’. यातील ‘के’ म्हणजे किंडरगार्टन.

आठवड्यातून तीन संदेश जात. पहिल्यात एखादी माहिती असे: अक्षरांची ओळख असलेले मूल पुढे चांगले वाचू लागते, अशासारखी. दुसऱ्यात एक लहानसे काम असे: दुकानाच्या पाटीवर किंवा मासिकात मुलाच्या नावाचे पहिले अक्षर दाखवा, मग त्याला शोधू द्या, त्याचा खेळ करा. तिसऱ्यात पालकांना थोडी शाबासकी आणि पुढची पायरी असे: आता अक्षर दाखविले की त्याचा उच्चारही विचारा. निराळा वेळ काढावा लागू नये, हे सूत्र. बाजारात जाताना, जेवण करताना जे घडतच असते, त्यालाच हा पाठ जोडलेला असे.

उच्चारावर एवढा भर कशासाठी, असे मराठी वाचकास वाटेल. आपल्या ‘क’चे नाव आणि उच्चार एकच. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि शब्दातील ध्वनी दुसरा: ‘डब्ल्यू’ हे नाव ऐकून ‘व’ हा ध्वनी कोणास सुचेल? म्हणून ‘टाको’ आणि ‘टोमॅटो’ यांच्या आरंभी एकच ध्वनी आहे हे तेथील मुलाच्या कानाला मुद्दाम शिकवावे लागते.

संदेश इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनी या भाषांत जात. एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावतात; चिनी वा देवनागरीत लिहिल्यास ७०च, आणि आपले काना-मात्रेही त्यात मोजले जातात. एवढ्या जागेत शिक्षणशास्त्र बसवावयाचे म्हणजे काय, हे भाषांतर करणाराच जाणे!

२०१३–१४ या शालेय वर्षात सॅन फ्रान्सिस्को येथील ३१ सार्वजनिक शिशुशाळांतील चार वर्षांच्या मुलांच्या ४४० कुटुंबांवर हा प्रयोग आठ महिने चालला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुटुंबांची विभागणी केली. एका गटाला वरील संदेश मिळाले. दुसऱ्याला साधारण पंधरवड्यातून एक, तोही लसीकरण, शाळाप्रवेश अशा विषयांवर. दुसऱ्या गटालाही संदेश का? फरक दिसला तर तो केवळ शाळेकडून संदेश येण्याचा नसून त्यातील मजकुराचा आहे, हे समजावे म्हणून.

फरक दिसला. पहिल्या गटातील पालक घरी मुलांबरोबर वाचन, यमके जुळविणे, अक्षरे शोधणे अधिक करू लागले, आणि शिक्षिकांकडेही अधिक चौकशी करू लागले. पण मुलांचे काय? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम निबंधात मुलांच्या साक्षरतेतील वाढ सुमारे ०.११ प्रमाण विचलन इतकी नोंदली आहे. याचा अर्थ असा: शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये उभे असलेले मूल सुमारे चार मुलांच्या पुढे सरकले. हा चमत्कार नव्हे. परंतु संदेश पाठविण्याचा खर्च दर कुटुंबामागे एका डॉलरहून कमी होता, हे लक्षात घेतल्यावर या चार जागांचे मोल कळते.

मग संदेश वाढविले तर लाभही वाढेल काय? हेही पाहण्यात आले. आठवड्याला एकच संदेश, तीन संदेश आणि पाच संदेश अशी तुलना केली, तेव्हा पालकांच्या वागणुकीत तीनचाच गट सरस ठरला. पाचांनी अधिक काही साधले नाही. उपदेशाचा भडिमार झाला की माणूस कान बंद करतो, असे मला वाटते. एकाच संदेशाने मात्र जी मुले आधीच सर्वांत मागे होती त्यांचे नुकसान झाले. तीन संदेशांच्या तुलनेत त्यांचे गुण ०.१५ प्रमाण विचलनाने कमी पडले. पुढे असलेल्या मुलांना एकही पुरत होता, किंबहुना किंचित अधिक मानवला.

येथेच या साधनाचे दुखणे उघड होते. सर्व अक्षरे येणाऱ्या मुलाच्या घरी आणि एकही न येणाऱ्याच्या घरी तोच संदेश पोहोचतो. म्हणून पुढे किंडरगार्टनच्या मुलांसाठी दुसरा प्रयोग झाला. त्यात मुलाला काय येते हे पाहून त्याच्या पायरीला जुळेल असा मजकूर पाठविला गेला. सरसकट संदेश मिळालेल्यांच्या मानाने या मुलांची वरच्या पातळीचे वाचन करण्याची शक्यता ६३ टक्क्यांनी अधिक आढळली, आणि हा लाभ मुख्यतः सरासरीपासून दूर असलेल्या मुलांना, म्हणजे फार मागे वा फार पुढे असलेल्यांना झाला.