परदेशात मुलांसाठी काम करायला निघण्यापूर्वी

रहिमतपूरच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला कॉलेजच्या सुट्टीत नेपाळला, कंबोडियाला किंवा आफ्रिकेत जाऊन लहान मुलांच्या आरोग्यासाठी, शिक्षणासाठी काम करावंसं वाटलं, तर घरच्यांनी अडवू नये. मात्र या कामाविषयी ज्या समजुती पसरल्या आहेत, त्यांतल्या काहींचा फटका थेट त्या मुलांनाच बसतो.

सर्वांत घातक समजूत अनाथाश्रमांची. तिथल्या मुलांना कोणी नाही, महिनाभर माया लावली तरी पुष्कळ झालं, असं आपण धरून चालतो. पण नेपाळच्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असल्याचा अंदाज आहे. चांगल्या शाळेचं आमिष दाखवून डोंगराळ जिल्ह्यांतली मुलं शहरात आणायची, त्यांना अनाथ म्हणून दाखवायचं आणि परदेशी पाहुण्यांकडून देणग्या घ्यायच्या, असे प्रकार तिथे उघडकीला आले आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये याला आधुनिक गुलामगिरीचाच प्रकार मानलं. संस्था प्रामाणिक असली तरी दर महिन्याला नवी ताई, नवा दादा येतो, लळा लावतो आणि निघून जातो. ते सोसावं लागतं मुलाला. म्हणून अनाथाश्रमातलं अल्पमुदतीचं काम स्वीकारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘जिथे डॉक्टर नाही तिथे थोडं शिकलेला माणूसही चालतो,’ हेही बरेचदा ऐकू येतं. त्यासाठी दाखला गडचिरोलीचा देतात, पण अर्धाच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. बाळाला जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देण्यापर्यंतचं काम तिथे कमी शिकलेल्या बायकांनी केलं, हे खरं. पण त्या त्याच गावच्या होत्या, कसून प्रशिक्षण घेतलेल्या होत्या, त्यांच्या कामावर देखरेख होती आणि दुसऱ्या दिवशीही त्या गावातच असणार होत्या. रहिमतपूरच्या आसपासच्या गावांत आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते, त्या पद्धतीचं मूळ याच प्रयोगात आहे. सुट्टीत गेलेला विद्यार्थी ४२ व्या दिवशी कुठे असेल? साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये त्याला जे करू देणार नाहीत, ते परक्या देशातल्या बाळावर करायचा हक्क त्याला नाही. नोंदी ठेवणं, वजन-उंची मोजायला हात लावणं, आरोग्यसेविकांसाठी साहित्य तयार करणं, ही कामं मात्र तो नीट करू शकतो.

इंग्रजी येतं म्हणजे शिकवता येतं, असंही नाही. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने इयत्तेऐवजी मुलाला प्रत्यक्ष काय वाचता येतं ते पाहून गट करण्याची पद्धत रुजवली. ती पुढे झांबियातही गेली. तिथे शिकवतात ते झांबियाचेच शिक्षक, स्थानिक भाषांत. पद्धतीने समुद्र ओलांडला तरी वर्गात उभं राहणारं माणूस तिथलंच राहिलं.

फी जास्त म्हणजे संस्था भरवशाची, हाही भ्रम. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक तर उलट निर्वाहभत्ता घेतात; त्यांचा १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे. संस्थेला विचारा, माझ्या पैशातलं गावात किती जातं? पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र न मागता मुलांमध्ये सोडणाऱ्या संस्थेकडे तर फिरकूच नका.

टुरिस्ट व्हिसावर हे काम सगळीकडे चालत नाही; ब्रिटनमध्ये नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी ३० दिवसांपर्यंतच मुभा आहे. आफ्रिकेत पिवळ्या तापाच्या देशात जायचं असेल तर लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला जवळ नसेल, तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.