अठरा मिनिटांची विचारसभा

विद्वानांस बोलतें करणें सोपें. वेळेवर थांबविणें कठीण! १९८४ सालीं कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें रिचर्ड सॉल वर्मन व हॅरी मार्क्स यांनीं तंत्रविद्या, मनोरंजन व रचनाकला यांच्या जाणकारांची परिषद भरविली. या विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचें नांव ‘टेड’. प्रथम तोटाच झाला. दुसरी परिषद भरावयास १९९० साल उजाडलें. पुढें भाषणास १८ मिनिटांची मर्यादा रूढ झाली. जबर शुल्क देणाऱ्यांपुरतीं असलेलीं हीं भाषणें २००६ पासून इंटरनेटवर विनामूल्य खुलीं होऊं लागलीं. फुकट मिळाल्यावर तिकीट कोण घेणार, ही शंका फोल ठरली. मागणी उलट वाढली. १८ मिनिटांत विद्या येत नाहीं हें खरें. परंतु जिज्ञासा जागी होते. पुढील काम ग्रंथांचें आणि आपलें!