किल्लीची किल्ली

जावा लिहिणाऱ्यांच्या संगणकावर मेव्हन हे अवजार हमखास सापडतं. कोड बांधून तयार पॅकेज सर्व्हरवर चढवणं, हे त्याचं एक काम. सर्व्हर पासवर्ड मागणारच. तो ‘सेटिंग्ज’ नावाच्या साध्या एक्सएमएल फाइलीत लिहून ठेवायचा आणि पूर्वी तो तिथे उघडावाघडा पडलेला असे. शेजारच्याने मान वळवली की दिसला! २००९ साली आलेल्या २.१ आवृत्तीपासून टर्मिनलवर ‘एन्क्रिप्ट-पासवर्ड’ अशी कमांड देता येऊ लागली. एन्टर दाबलं की महिरपी कंसात अक्षरांचा एक गिचमिड पुंजका बाहेर पडतो; तोच फाइलीत चिकटवायचा.

आता तोच पासवर्ड, तीच कमांड पुन्हा द्या. पुंजका निराळाच! तिसऱ्यांदा दिलीत तर आणखी वेगळा. आणि गंमत म्हणजे तिन्ही चालतात. दर वेळी आठ बाइटचं यादृच्छिक ‘मीठ’ त्यात मिसळलेलं असतं आणि ते पुंजक्यातच, उघडपणे, सोबत जातं. उलगडताना मेव्हन ते तिथूनच उचलतो.

आपण लॉगिन करतो तेव्हा समोरच्या सर्व्हरने मूळ पासवर्ड साठवायची गरज नसते. त्याचा एकतर्फी हॅश, म्हणजे मूळ शब्दाकडे परत नेता न येणारा ठसा, पुरतो. मेव्हनला मात्र मूळ शब्द सर्व्हरपुढे ठेवावाच लागतो. म्हणजे परतीची वाट हवी, किल्ली हवी. ती किल्ली म्हणजे ‘मास्टर पासवर्ड’, दुसऱ्या एका फाइलीत. तोही उघडा कसा ठेवणार? म्हणून त्यालाही कुलूप. त्या कुलपाची किल्ली कुठे?

इथे मी थक्क झालो. ती आहे ‘सेटिंग्ज.सिक्युरिटी’ हा ठरलेला शब्द, मेव्हन ३ च्या खुल्या सोर्स कोडमध्ये, कुणीही वाचावा असा! हे कुलूप एईएस या सांकेतिकीकरण पद्धतीचं; तिची १२८ बिटांची किल्ली अंदाजाने शोधायची तर ३४ वर ३७ शून्यं इतक्या शक्यता. आणि इथे किल्ली चव्हाट्यावर.

हा गाढवपणा नव्हे. रात्री दोन वाजता माणसाविना काम करणाऱ्या यंत्राजवळ किल्ली असायलाच हवी, आणि जे यंत्राला वाचता येतं ते त्यात घुसलेल्यालाही येतं. गणित यापुढे हात टेकतं. सेटिंग्ज फाइल एकटीच चुकून कुणाच्या मेलमध्ये गेली, तर मात्र ती निरुपयोगी ठरते. एवढं काम ही कमांड चोख करते. बाकीच्यासाठी मेव्हनच्या माहितीपत्रकात सुचवलेला उपाय आहे पेन ड्राइव्हचा. मास्टर पासवर्डची फाइल त्यावर हलवायची, संगणकावर फक्त तिचा पत्ता ठेवायचा आणि काम झालं की ड्राइव्ह काढून खिशात टाकायचा.