तुटक रेषेवरचं नशिराबाद

नशिराबाद बहुतेकांना माहीत आहे ते गाडीच्या काचेतून. जळगावहून भुसावळकडे निघालं की दहाएक किलोमीटरवर टोलनाका लागतो, सिमेंटचा कारखाना दिसतो आणि गाव मागे पडतं. महामार्ग चौपदरी झाल्यापासून तर ते आणखीच लवकर मागे पडतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने इथल्या काचेच्या बांगड्यांची नोंद घेतली होती. झिपरूअण्णा महाराजांची समाधी इथलीच. स्वामी मुक्तानंदांना गणेशपुरीच्या नित्यानंदांकडे जा म्हणून सांगणारे अवलिये ते हेच. पण हा लेख गावापेक्षा गावाबाहेरच्या वाटांचा आहे. कार्तिक ते माघ या दिवसांत, डोक्याला उपरणं आणि हातात पाण्याची बाटली एवढ्या तयारीवर कुणालाही चालता येतील अशा वाटांचा.

इंग्लंडात कुठल्याही खेडेगावात गेलात तर आसपासच्या पायवाटांचं एखादं पुस्तक मिळतं. ही सोय आपोआप झालेली नाही. 1932 च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडचे कामगार तरुण जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउटच्या माळावर मुद्दाम घुसले आणि त्यांतले काही जण तुरुंगात गेले. पुढे 1949 च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवणं बंधनकारक केलं. आज तिथे गव्हाच्या शेतातूनही वाट जात असेल तर शेतकऱ्याला ती मोकळी ठेवावी लागते.

आपल्याकडे वाटा कागदावर आधीपासून आहेत, फक्त तो कागद कुणी फिरायला जाण्यासाठी उघडत नाही. तलाठ्याकडचा गाव नकाशा बघा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात सव्वाआठ फुटांतले दोन फूट उरले तरी नशीब म्हणायचं, कारण दरवर्षी नांगराचा फाळ बांधाकडे थोडा सरकतोच. वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. अर्थात हे सगळं शेतात जाणाऱ्यासाठी. नुसतं हिंडणाऱ्या माणसाचा विचार आपल्या कायद्याने केलेला नाही, गावानेही नाही. शिवारात अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, "कुठी चालले भाऊ?" त्यावर "असंच, फिरायला" हे उत्तर कुणाला पटत नाही. जमीन बघायला आला असणार, नाहीतर मोजणीवाला असणार, असा हिशोब मनात चालू राहतो. यावर सोपा उपाय म्हणजे पुढच्या गावाचं नाव सांगणं.

ते पुढचं गाव आसोदा असेल तर उत्तमच, ती आपली पहिली वाट. नशिराबादहून उत्तरेला तीनेक किलोमीटरवर भादली, तिथे मध्य रेल्वेचं छोटं स्टेशन. भादलीहून पश्चिमेला वळलं की आसोद्याचं शिवार. या पट्ट्यातली तापीकाठची काळी माती खोल आहे आणि तिच्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत. बागेच्या कडेने चालताना आत डोकावून बघावं. भर दुपारी आत हिरवट अंधार असतो, बुंध्याशी ठिबकच्या काळ्या नळ्या पसरलेल्या असतात, आणि घडाच्या टोकाला लोंबणारं जांभळं केळफूल दिसतं, नाहीतर ते मोडल्याची चिकाळलेली खूण. केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग निघत नाही, म्हणून नवा सदरा घरी ठेवावा. बाग संपली की कपाशी, तिच्यापलीकडे दादर ज्वारी. हुरड्यावर आलेल्या दादरच्या कणसांवर पाखरांची झुंबड असते आणि तारेवर बसलेला नीलपंख उडाला की त्याच्या पंखांतला निळा रंग एकदम उघडतो.

आसोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 मध्ये महाजनांच्या घरात त्यांचा जन्म झाला आणि लग्नानंतर त्या जळगावच्या चौधरींकडे आल्या. त्यांच्या ओव्यांमधलं शेत, विहीर, माहेरची वाट हे सगळं पुस्तकात वाचलेलं असतं. या पट्ट्यातून पायी गेलं की त्यांच्या काळी सासर-माहेर हे अंतर चालण्याच्या हिशोबातलं होतं, हे पोटरीला कळतं. शाळेच्या सहली आसोद्याला बसने न्याव्यातच का? भादलीला उतरवावं आणि चालवावं.

भुकेची सोयही याच वाटेवर आहे. भरिताच्या वांग्यासाठी आसोदा, भादली, बामणोद ही नावं खानदेशात घरोघर घेतली जातात. हिरवं-पांढरं, मोठं, कमी बियांचं हे वांगं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत शेतात भरीत-पार्टी चालू असेल आणि कुणी बसायला सांगितलं तर नाही म्हणू नये. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत कुटतात, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालतात, सोबत कळण्याची भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत म्हणजे नुसती भाजी, असं इथले लोक म्हणतात आणि ते खरंच आहे.

दुसरी वाट तरसोदच्या गणपतीची. तिच्याबद्दल फार सांगायला नको, कारण चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, जळगाव-भुसावळचे लोक पहाटेपासून तिकडे पायीच निघतात. देवासाठी मैलोन्‌मैल चालणारा माणूस एरवी कोपऱ्यावरच्या दुकानातही मोटारसायकल नेतो, ही गंमत आहे. गर्दी नको असेल तर साधा वार निवडावा.

तिसरी वाट नदीची, आणि ती थोडी लांब आहे. पूर्वेला साकेगावच्या बाजूला वाघूर वाहते. हिला साधी नदी समजू नका. अजिंठ्याच्या लेण्यांसमोर घोड्याच्या नालासारख्या वळणातून वाहते ती हीच. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली ती हिच्या पलीकडच्या कड्यावरून. डोंगरातून सात कुंडांवरून उड्या घेत उतरलेली वाघूर जामनेर तालुक्यातून येते, धरणात अडते आणि उरलेलं पाणी घेऊन तापीला मिळते. त्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. त्यामुळे साकेगावच्या पुलाखाली पात्र किती भरलेलं दिसेल हे पाऊस आणि धरणाचे दरवाजे ठरवतात. हिवाळ्यात डबक्यांच्या काठाने वंचक आणि खंड्या हमखास दिसतात. पाण्यात मात्र उतरू नये. धरणातून पाणी सोडलं तर ते न विचारता येतं.

महामार्गाच्या कडेने साकेगावपर्यंत चालण्याचा मोह टाळावा. ट्रकांचा वारा अंगावर घेण्यात काही अर्थ नाही. वाहनाने पुलापर्यंत जावं आणि तिथून काठाकाठाने चालावं. पावसाळ्यात या तिन्ही वाटा सोडून द्याव्यात, कारण काळी माती चपलेला धरली की पाय उचलत नाही. मार्चनंतर ऊन चढतं आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा तर विषयच नको. भादलीहून रेल्वेने परतायचं असेल तर वेळापत्रक आधी पाहून ठेवावं, तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत.